पायलीभर तांदूळ आणि चोई साहेबांची मुदत

घरी नवा पाहुणा आला की माझी बायको वंदना माझी ओळख करून देते ती अशी: "हे सिमेंटच्या कारखान्यात आहेत, पण सिमेंटशी यांचा काही संबंध नाही." यात खोटं काहीच नाही. राजुऱ्याकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या प्रशासन विभागात मी सव्वीस वर्षं काढली आणि घरच्या ओट्याला भेग गेली तर बुजवायला आजही गवंडी बोलावतो. माझं काम माणसांचं. त्यातही परदेशी माणसांचं, आणि अगदी खरं सांगायचं तर त्यांच्या कागदांचं.

परदेशातून मशीन येते, तिच्या मागून ती बसवणारा, सुधारणारा माणूस येतो. नागपूरच्या विमानतळावर त्याच्या नावाची पाटी धरून उभा राहणारा मी. वरोऱ्याच्या पुढं गाडी आली की तो खिडकीची काच खाली करतो, उन्हाची पहिली झळ घेतो आणि काच वर करतो, तेव्हा "हे काहीच नाही, मे महिना बाकी आहे" असं सांगणाराही मीच. गेस्ट हाऊसला तो उतरला की चोवीस तासांत पोलिसांना तसं कळवायचं, मग नोंदणी, मग राहण्याची परवानगी, मग मुदत संपत आली की वाढ. यातला एक जरी कागद चुकला, तरी कारखान्याची भट्टी काही थांबत नाही, पण तो माणूस थांबतो. मला कायम धास्ती असायची ती या गोष्टीची.

लोकांना वाटतं, परदेशी माणूस आला म्हणजे त्याला सगळं मोकळं. आमच्या कॉलनीतले एक काका मला नेहमी विचारायचे, तुमचे हे लोक इथंच राहून का जात नाहीत, हवा तर बरी आहे. त्यांना मी समजावायचो ते तुम्हालाही सांगतो. दोन देश व्यापाराचा करार करतात, तेव्हा तुमचा माल आमच्याकडे आणि आमचा तुमच्याकडे एवढंच त्यात नसतं. कोणत्या धंद्यातली जाणती माणसं एकमेकांकडे कामाला जाऊ शकतील, हेही त्यात लिहिलेलं असतं. इंजिनिअर चालेल, अमुक चालेल, तमुक नाही. पण जो येतो तो तात्पुरता. त्याचं काम ठरलेलं, जागा ठरलेली, पगार देणारा ठरलेला, परत जायचा दिवस ठरलेला. या चार खुंट्यांना बांधून त्याला एक दर्जा मिळतो, आणि त्यातली एक खुंटी उपटली की दर्जा गेला. त्या खुंट्या सांभाळणं हा माझा धंदा. बाकी जगाला मी पाटीवाला.

एकदा भट्टीच्या विटा लावणारा एक इटालियन कारागीर मला न सांगता दोन दिवस ताडोब्याला वाघ पाहायला गेला. कागदावर तो आमच्या गेस्ट हाऊसमध्ये झोपलेला, आणि प्रत्यक्षात मोहर्लीच्या रिसॉर्टवर. रिसॉर्टवाल्यानं त्याची नोंद बरोबर पाठवली. एकच माणूस एकाच दिवशी दोन जागी. ते निस्तरताना माझं वजन दोन किलोनं उतरलं. वंदना म्हणाली, अजून एखादा इटालियन मागवा. मीही ही गोष्ट लग्नाकार्यात रंगवून सांगायचो. कारण चूक त्याची होती. आता जी सांगतोय त्यात चूक माझी आहे, म्हणून ती आजवर कुठं सांगितली नाही.

चोई साहेब कोरियाचे. वय अठ्ठावन्न, अंगानं काटक, बोलणं मोजकं. सिमेंटची भट्टी म्हणजे एक सत्तर मीटर लांबीचं लोखंडी नळकांडं. ते किंचित उतारावर आडवं पडून रोलरांवर सावकाश फिरत असतं आणि आत आग असते. या नळकांड्याचा कणा कुठं केसभर वाकडा झाला, तर आतल्या विटा निखळतात आणि एक दिवस लोखंड लाल होऊन फुगतं. चोई साहेबांचं काम तो कणा सरळ करण्याचं, तेही भट्टी चालू असताना. आज या रोलरला अर्धा फेरा, मग चार दिवस नुसतं बघायचं, मग त्या रोलरला पाव फेरा. कानाला लांब स्क्रू-ड्रायव्हर लावून ते बेअरिंगचा आवाज ऐकत उभे राहिले की वैद्यानं नाडी पाहावी तसे दिसायचे. घाई करून चालत नव्हतं. त्यामुळे काम लांबलं आणि फेब्रुवारीअखेर संपणारी त्यांची मुदत अपुरी पडली.

मी वेळेत वाढीचा अर्ज भरला. त्यात काळजीचं काही नव्हतं. पण चोई साहेबांना होती. निवृत्तीआधीचं हे त्यांचं शेवटचं मोठं काम. त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं: कोणत्याही देशानं त्यांना आजवर नाही म्हटलेलं नाही. एकदा 'नामंजूर' असं कुठं लागलं, की पुढं प्रत्येक देशाच्या अर्जात 'तुम्हाला कधी नाकारलं होतं का' या रकान्यात 'हो' लिहावं लागतं. शिवाय रोलर अर्धे फिरवलेले टाकून जाणं म्हणजे भट्टीला आहे त्याहून वाईट करून जाणं. मी म्हटलं, चोई साहेब, मी आहे ना. हे वाक्य मी आयुष्यात फार लोकांना म्हटलंय.

माझा साळा सुधाकर गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापक आहे. जानेवारीत त्याच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. प्रमुख पाहुणे म्हणून दरवर्षी तेच ते सभापती येतात, या वेळी एखादा विदेशी माणूस आणून द्या, असं त्यानं वंदनाकरवी माझ्या कानावर घातलं. करवी म्हणजे तिनं तीन दिवस तोच विषय काढला. कोणीही परदेशी माणूस त्या नक्षलग्रस्त बाजूला जाणार असेल तर आधी पोलिसांना कळवायचं, असा आमच्या कंपनीचा नियम होता. तो नियम मीच टाईप केला होता. पण रविवार, जाऊन संध्याकाळी परत, स्वतःची गाडी, आणि सासरचं काम. मी कळवलं नाही.

संमेलन छान झालं. चोई साहेबांना शाल, श्रीफळ, मोठा हार. फलकावर 'कोरियाचे सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ' असं होतं. तो मजकूर फोनवर मीच सांगितला होता. चोई साहेबांनी भाषण केलं दोन वाक्यांचं आणि मी त्याचं भाषांतर केलं दहा मिनिटांचं. जेवण झाल्यावर गावातून फेरी मारताना एका घराच्या पडवीतून पिठाच्या चक्कीचा आवाज येत होता. चोई साहेब चालता चालता थांबले. तोंडात खडा आल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला.

चक्की गिरजाबाईंची. साठीच्या, नवरा वारल्यापासून एकट्या चक्की चालवणाऱ्या. चोई साहेबांनी खुणेनं एखादी काठी मागितली. गिरजाबाईंनी चुलीजवळचा लाकडी चाटू दिला. त्यांनी त्याचं एक टोक बेअरिंगवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. मग सुतळी मागितली, तेलाचा रिकामा डबा मागितला. सुतळी ताणून मोटर आणि चक्की एका रेषेत आहेत का ते पाहिलं, डब्याच्या पत्र्याचे पातळ तुकडे कापून मोटरखाली सरकवले, पट्टा पुन्हा चढवला. पाऊण तासात चक्की अशी चालायला लागली, की गिरजाबाई दोनदा वाकून पाहत होत्या, फिरते आहे की बंद पडली.

निघताना त्यांनी धुतलेल्या फडक्यात पायलीभर नवा तांदूळ बांधून आणला. आमच्याकडे पायली हे धान्य मोजायचं माप आणि नव्या तांदळाची पायली हा मान. चोई साहेबांनी दोन्ही हात पुढं करून, वाकून, ते गाठोडं घेतलं. मग माझ्याकडे वळून हळूच इंग्रजीत विचारलं, हे घेतलेलं चालतं का? म्हटलं, इथली रीत आहे. ओके. ओके.

इथवर झालं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण सुधाकरचा एक मित्र स्थानिक वर्तमानपत्राला बातम्या पुरवतो. तो म्हणाला, भाऊजी, तुमचा हात चांगला आहे, तुम्हीच लिहून द्या. माझा हात चांगला आहे असं मला कोणी म्हटलं की मी कामातून जातो. मी लिहिलं: 'सातासमुद्रापलीकडून आलेल्या या थोर शास्त्रज्ञाने दुर्गम भागातील माउलीची चक्की क्षणार्धात दुरुस्त करून दिली व मोबदल्यात पायलीभर तांदूळ स्वीकारून वनवासी बांधवांशी अतूट नाते जोडले. यापुढेही ते वेळोवेळी येऊन येथील तरुणांना यंत्रदुरुस्तीचे प्रशिक्षण देणार असल्याचे समजते.' असं समजलं होतं फक्त मला, आणि तेही लिहिता लिहिता. बातमी तिसऱ्या दिवशी फोटोसकट आली. मी कात्रण लॅमिनेट करून घेतलं. घरच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा वंदनानं विचारलं, क्षणार्धात कसं, पाऊण तास लागला ना. तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

पाच आठवडे झाले. वाढीच्या अर्जापुढे ऑनलाइन 'प्रलंबित' असं दिसत होतं. मुदत संपायला पंधरा दिवस उरले असताना पोलिसांच्या परदेशी नोंदणी शाखेतून मॅडमचा फोन आला. या मॅडमशी माझी जुनी ओळख, म्हणजे त्या मला जुना चुकणारा म्हणून ओळखतात.

"काका, तुमचे कोरियन साहेब तुमच्या कारखान्यात काम करतात ना?" त्या म्हणाल्या. "मग एटापल्लीत काय करून राह्यले होते?"

मी काही तरी म्हणालो. त्या म्हणाल्या, कात्रण फाईलला लागलं आहे, साहेबांना घेऊन या, आणि येताना लेखी खुलासा आणा.

फोन ठेवल्यावर मी ती बातमी पुन्हा वाचली, या वेळी त्यांच्या नजरेनं. 'चक्की दुरुस्त करून दिली' म्हणजे ठरलेल्या जागेबाहेर काम. 'मोबदल्यात' म्हणजे दुसऱ्याकडून कमाई. 'यापुढेही वेळोवेळी' म्हणजे तिसराच धंदा. चारपैकी तीन खुंट्या मी दोन वाक्यांत उपटल्या होत्या. चौथी, परत जायच्या दिवसाची, तेवढी जागेवर होती, आणि ती पंधरा दिवसांवर उभी होती. सव्वीस वर्षं जे मी दुसऱ्यांना बजावत आलो, ते चांगल्या अक्षरात, शुद्धलेखन तपासून, फोटोसकट मोडलं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. वंदनाला कारण सांगितलं तेव्हा तिनं लॅमिनेट केलेलं कात्रण माझ्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या कपाटात ठेवलं.

आमच्या मोठ्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. बातमी सपशेल खोटी, चोई साहेब त्या गावाला गेलेच नाहीत, फोटो कुठला तरी जुना, असं लिहून द्यायचं. ते पत्र मी टाईप केलं. हे लिहिताना आज लाज वाटते, तेव्हा मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं.

चोई साहेब गेस्ट हाऊसच्या खोलीत टेबलाशी बसले होते. पत्र दोनदा वाचून त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"मी गेलो होतो," ते म्हणाले. मग पत्राची घडी घालत: "चक्की मी दुरुस्त केली."

मी समजावलं, सही केली नाही तर तुमची मुदत जाईल. ते म्हणाले, खोट्यावर सही करून मुदत घेतली तर ती माझी राहील का? मग त्यांनी विचारलं, ही बातमी कुणी लिहिली? इतक्या महिन्यांत त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नांपैकी याच एकाचं उत्तर मला कुठल्या फायलीत बघावं लागणार नव्हतं. मी लिहिली, म्हटलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ड्रॉवरमधून लाल पेन काढलं आणि मला बातमीचं भाषांतर करायला लावलं, एकेक वाक्य, कागदावर. प्रत्येक वाक्यापुढे ते खूण करत गेले. शाळेत गेले: बरोबर. शास्त्रज्ञ: चूक. थोर: चूक. चक्की दुरुस्त केली: बरोबर. क्षणार्धात: चूक, आणि बाजूला त्यांनी '४५ मिनिटे' असं लिहिलं. पुढं येऊन शिकवणार: मोठी चूक. 'मोबदला' शब्दाशी ते थांबले. हा शब्द काय? म्हटलं, केलेल्या कामाचे पैसे, किंवा पैशाऐवजी जे देतात ते.

ते उठले. कपाट उघडून त्यांनी तेच गाठोडं बाहेर काढलं, गिरजाबाईंनी बांधलं होतं त्याच गाठीसकट. गाठीत एक चिठ्ठी खोचलेली होती. कोरियन अक्षरांखाली इंग्रजीत तारीख, गावाचं नाव, आणि एक ओळ: 'विलासला पुन्हा विचारणे.'

विलास म्हणजे मी. आणि त्यांनी विचारलंही होतं. मला आठवलं, संमेलनानंतरच्या आठवड्यात कँटीनच्या दारात ते मला थांबवून तांदळाचं काही म्हणत होते, आणि मी घाईत 'नंतर, नंतर' म्हणून पुढं गेलो होतो. माझ्या 'ओके'वर त्या माणसाचा विश्वास बसला नव्हता. पण अविश्वास दाखवणंही त्यांना जमलं नव्हतं. म्हणून पाच आठवडे पायलीभर तांदूळ त्यांच्या इस्त्रीच्या शर्टांशेजारी वाट पाहत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ते खुणांचं भाषांतर आणि गाठोडं घेऊन चंद्रपूरला मॅडमसमोर बसलो. मोठ्या साहेबांचं पत्र मी फाडून टाकलं होतं. साहेबांना ते मी अजूनही सांगितलेलं नाही. हे ज्या अंकात छापून येईल तो त्यांच्याकडे जात नसावा अशी आशा आहे. मॅडमनी लाल खुणा वरपासून खालपर्यंत पाहिल्या आणि मला विचारलं, हे पेपर तपासल्यासारखं कुणी केलं? मी चोई साहेबांकडे बोट दाखवलं. "आणि नापास कोण झालं?" मी स्वतःकडे.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, एका रविवारी कुणाची चक्की नीट करून दिली, ते मी आहे तसं कळवीन. शिकवायला येणार हे तुम्ही मनानं लिहिलं, तसं तुमच्या सहीनं द्या. न कळवता नेलं, तेही द्या. राहिला तांदूळ. घेतला तेव्हा मोबदला नव्हता असं तुम्ही म्हणता, पण छापून आलंय मोबदला, आणि वस्तू यांच्याजवळ आहे. तो ज्यांचा त्यांना परत जाऊ द्या आणि परत मिळाल्याचं त्यांच्या सहीचं लेखी आणा. वरून काय येईल ते माझ्या हातात नाही. मी जे खरं आहे ते लिहीन, एवढंच. मुदतीला चौदा दिवस होते.

गिरजाबाईंकडे मी एकटा गेलो. वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टीवरून आलापल्लीच्या जंगलात शिरलं की एरवी मला गाडी हळू चालवावीशी वाटते. त्या दिवशी शेजारच्या सीटवर पट्टा लावून ठेवलेल्या गाठोड्याकडे माझं सारखं लक्ष जात होतं. आमच्या भागात दिलेलं धान्य कुणी परत नेऊन देत नाही. सोयरीक मोडली तरी नाही. कसं बोलायचं याची वाक्यं मी जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्य त्या बातमीसारखंच निघत होतं.

चक्की चालू होती. आवाज अजून तसाच, गुळगुळीत. गिरजाबाईंनी मला पाहून हात पुसले, खाट टाकली, मग गाठोडं पाहिलं. फडकं त्यांनी लगेच ओळखलं.

"हे काऊन आणलं जी?"

मी सांगायला लागलो. करार, दर्जा, मुदत. त्यांनी मधेच थांबवलं.

"माह्या तांदळात खडे होते का?"

"नाही हो बाई."

"मंग कीड पडली?"

"नाही. तो माणूस कारखान्याशिवाय कोणाकडूनच काही घेऊ शकत नाही. घेतलं तर त्याला परत जावं लागेल, आणि पुन्हा कुठंच जाता येणार नाही."

त्यांनी जाऊन चक्की बंद केली. मग म्हणाल्या, "तुमाले मालूम होतं ना हे? तुमी होते ना त्याच्या संगं?"

मी हो म्हटलं. माझ्या सगळ्या चौकशीत मला विचारला गेलेला सर्वांत सोपा प्रश्न तो होता.

त्या आतून पायली घेऊन आल्या. मोजल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा चक्कीवरचा नियम. गाठ सोडली, तांदूळ पायलीत ओतला, वरून हात फिरवला. दाणाभरही कमी नव्हता. ते पाहून त्यांचा चेहरा थोडा सैल झाला असं मला वाटलं, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं.

मी कागदावर लिहिलं: 'एक पायली तांदूळ परत मिळाला.' वाचून दाखवा म्हणाल्या. वाचलं.

"काऊन परत आला, थे नाई लिवलं?"

म्हटलं, तेवढं लागत नाही.

"लागते. नाई त मांगून कोनी म्हणन, गिरजीचा तांदूळ पाहुण्यानं वापस केला, काहीतरी खराबी असन. लिवा."

मग मी आणखी एक ओळ लिहिली आणि त्यांनी एकेक अक्षर काढत सही केली. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, बसा. त्यातलाच तांदूळ दोन मुठी घेऊन त्या चुलीकडे गेल्या.

"तुमच्यावर त बंदी नाई ना खायाले?"

मी त्यांच्या पडवीत बसून त्या तांदळाचा भात जेवलो, वर वरण. जो मान चोई साहेबांचा होता तो माझ्या पोटात गेला. एवढा चवदार भात मी क्वचित खाल्ला असेल, आणि एवढा अवघडही.

खुलासा दिला, पावती दिली. नंतरचे दिवस मी संगणकाच्या पडद्यासमोर काढले. दर तासाला उघडायचं, 'प्रलंबित'. दहा दिवस उरले, सहा उरले, चार. चोई साहेब रोज सकाळी भट्टीवर जात, पण त्यांनी रोलर फिरवणं थांबवलं होतं. अर्धवट राहील असं काही आता सुरू करायचं नाही, म्हणाले. बॅग भरून दाराशी ठेवली होती. कपाटातल्या शर्टांशेजारची जागा रिकामी होती. माझ्याशी ते पूर्वीसारखंच बोलत होते, आणि माझ्या प्रत्येक उत्तरानंतर क्षणभर थांबून मान हलवत होते. तो क्षण पूर्वी नव्हता.

दोन दिवस उरले असताना सकाळी पडदा बदलला. मागितली होती सहा महिन्यांची वाढ, मिळाली दोन. मी धावत भट्टीवर गेलो. धावणं म्हणजे माझ्या वयाचं आणि पोटाचं. चोई साहेबांनी तारीख वाचली, बोटांवर काही मोजलं, आणि हेल्मेट चढवून रोलरकडे गेले. त्या दोन महिन्यांत त्यांनी एकाही रविवारी सुट्टी घेतली नाही. मुदत संपायच्या चार दिवस आधी भट्टीचा कणा सरळ झाला.

मला लेखी ताकीद मिळाली, आणि ती रास्त होती. परदेशी लोकांच्या बातम्या कंपनीतर्फे आता दुसरं कोणी तरी देतं. लॅमिनेट केलेलं ते कात्रण वंदनानं जपून ठेवलं आहे; मी फार बोलायला लागलो की ती ते टेबलावर आणून ठेवते. जाण्याआधी चोई साहेबांना गिरजाबाईंना भेटायचं होतं. या वेळी मी आधी विचारलं, लेखी विचारलं. कंपनीनं नाही म्हटलं. मी त्यांना तसंच सांगितलं, कुठलीही सजावट न करता, आणि त्यांनी मान हलवली, न थांबता.

नागपूरला विमानतळावर सोडताना त्यांनी विचारलं, त्या बाईंनी कागदावर काय लिहून दिलं? पावतीची प्रत माझ्याजवळ होती. मी तिथंच खाली इंग्रजीत भाषांतर लिहिलं. पहिली ओळ, 'एक पायली तांदूळ परत मिळाला.' दुसरी, गिरजाबाईंनी लिहायला लावलेली: 'तांदूळ चांगला होता, पाहुण्याला घेता आला नाही.'

चोई साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि खिशातलं लाल पेन काढून दोन्ही ओळींपुढे बरोबरची खूण केली.